४६००वर अडलेलं इंजिन: २०० घेण्याआधी पंखा बघा

तुम्ही विचारलंत: १८ फुटी फायबर बोट, ११५ एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे टांगायचं इंजिन) काढून १५०चं फोर-स्ट्रोक लावलं, नाक उड्या मारतंय, फुल थ्रॉटललाही आरपीएमचा काटा ४६००च्या पुढे नाही, म्हणून आता २०० घ्यायचं? दादा, हा तर माझा मालवणजवळच्या देवबागचा पहिला सीझन झाला.

हलला (बोटीच्या सांगाड्याला) चालणारी कमाल एचपी आणि इंजिनच्या शाफ्टची लांबी तुम्ही बघितली असणारच. मी फसलो पंख्यात, म्हणजे प्रोपेलरमध्ये. विकणाऱ्याने १९ पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदावर जितके इंच पुढे जातो ते) बसवून दिला. ट्रायलला मी, मेकॅनिक आणि अर्धी टाकी. ५५०० आले, बोट सुसाट, मी खूश. दुसऱ्या दिवशी सहा गिऱ्हाइकं बसली आणि काटा ४५००ला थांबला. ‘लोडवर तेवढं होतंच,’ विकणारा म्हणाला. मी मानलं! घाटात टॉप गिअरवर गाडी रेटावी तसं सीझनभर इंजिन रेटलं. मे महिन्यात, ऐन गर्दीत, पिस्टन गेला. सर्व्हिसवाल्यांनी लॅपटॉप लावून आरपीएमचे तास काढले आणि ओव्हरलोड म्हणून वॉरंटीचा क्लेम नाकारला. विकणाऱ्याला, पंखा तुम्हीच दिलात हे लिहून द्या म्हटलं, तर चार खेटे घालूनही साहेब जेवायलाच गेलेले. असो.

बहुतेक १५० फोर-स्ट्रोकचा फुल थ्रॉटलचा पट्टा ५००० ते ६००० असतो. मॅन्युअलमधला आकडा खरा माना. रोजची माणसं आणि भरलेली टाकी घेऊन ५३००च्या वर गेलं पाहिजे. पिच एक इंच उतरवला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. तुमचाही १९ असेल तर १५ लावून बघा, उसना मिळाला तर उत्तमच. रिकाम्या बोटीत मग लिमिटर (आरपीएम हद्दीबाहेर जाऊ न देणारी सोय) लागेल, तेव्हा हात आवरायचा.

उड्यांचं दुखणं वेगळं. नवं इंजिन दोनशे किलोच्या वर, सगळा भार मागे. बॅटरी, टाकी पुढे सरकवा, ट्रिम (इंजिनचा कोन) आत घ्या. इंजिन बोल्टच्या एका भोकाने वर घ्यायचं तर इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या प्रेशरवर डोळा ठेवूनच.

२००ला माझा साफ नकार. जुन्या ट्रान्समच्या (इंजिन टांगतात त्या मागच्या फळीच्या) आतलं प्लायवूड कुजलेलं असलं तरी बाहेरून कळत नाही. इंजिन टिल्ट करून (वर उचलून) त्याच्या खालच्या टोकावर जोर द्या; फळी हलली तर १५०सुद्धा उतरवा. अर्थात मी मेकॅनिक नाही आणि तुमची बोट मी पाहिलेली नाही.

आणि हो, ट्रायल भरल्या बोटीनेच घ्या. टॅकोमीटरचा (आरपीएमच्या काट्याचा) फोटो काढा, आत किती माणसं आणि कुठल्या पिचचा पंखा ते बिलाच्या मागे लिहून विकणाऱ्याची सही घ्या. माझ्या बिलावर नुसतं ‘पंखा १ नग’ होतं.