ओढ्यावरची मोरी बदलायला राज्याचं अनुदान मिळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वॉशिंग्टन राज्यात मन्रोजवळ पाच एकर जागा घेतली आहे, घराकडे जाणाऱ्या रस्त्याखाली ओढ्यावर जुनी लोखंडी पाईपची मोरी आहे, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोहो सॅल्मन तिच्या तोंडाशी उड्या मारतात पण वर जाऊ शकत नाहीत. मोरी बदलायला राज्य पैसे देतं का आणि अर्ज कुठे करायचा?

पैसे मिळतात. पण अर्जापासून सुरुवात करू नका, आधी खोऱ्यातल्या माणसांना भेटा. इथे अनुदान देताना अर्जदारापेक्षा खोऱ्याची गरज बघतात. सॅल्मन पुन्हा वाढावेत यासाठीच्या 1998 च्या कायद्याने स्थानिक संस्थांची साखळी उभी राहिली. त्यांना 'लीड एंटिटी' म्हणतात, राज्यात अशा 25 आहेत. पुढच्याच वर्षी सॅल्मन रिकव्हरी फंडिंग बोर्ड आलं. राज्याचा आणि केंद्राचा पैसा हे बोर्ड वाटतं, पण कोणतं काम आधी व्हावं याची क्रमवारी लीड एंटिटी लावते. तुमची जागा स्नोहोमिश खोऱ्यात येते, तिथली लीड एंटिटी म्हणजे स्नोहोमिश काउंटी, तेव्हा तुम्हाला तिच्याकडेच जायचं आहे. त्याबरोबर स्नोहोमिश कॉन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्टला, म्हणजे माती-पाणी जपायला जमीनमालकांना मदत करणाऱ्या स्थानिक संस्थेलाही फोन करा.

ते पहिला प्रश्न विचारतील: मोरीच्या वर काय आहे? वर मैलभर सावलीचा, खडीचा, थंड पाण्याचा ओढा असेल तर तुमचं काम यादीत वर सरकेल. शेजाऱ्याच्या हद्दीत आणखी एक अडलेली मोरी असेल, तर दोघांनी मिळून जाणं शहाणपणाचं. कोहोची पिल्लं समुद्रात जाण्याआधी वर्षभर तरी गोड्या पाण्यात वाढतात, त्यामुळे अंडी घालायला जागा असून भागत नाही, पिल्लांना उन्हाळा काढता येईल असे डोहही लागतात.

त्यांच्याकडे जाण्याआधी दोन मापं घेऊन ठेवा. पहिलं, पाईपमधून बाहेर पडणारं पाणी खालच्या डोहाच्या पातळीपासून किती उंचावरून पडतं. पाऊण फुटाच्या वर असेल तर मत्स्य व वन्यजीव खातं ती मोरी अडथळा धरतं. दुसरं, मोरीपासून दूर, जिथे ओढा आपल्या मूळ रूपात आहे तिथे काठ भरून वाहतानाची रुंदी. नव्या मोरीची रुंदी ठरवायची रूढ पद्धत अशी, की या रुंदीची 1.2 पट करायची आणि वर दोन फूट. म्हणजे दहा फुटी ओढ्याला चौदा फुटांची मोरी, आणि तिच्या तळात ओढ्यासारखीच खडी. बहुतेक वेळा शेवटी छोटा पूलच होतो, आणि खर्च सहज लाख डॉलरच्या वर जातो.

आपण 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ऐकत मोठे झालो, त्यामुळे इथली पाणलोटाची कामं सुरुवातीला उलटी वाटतात. इथे अडवलेलं मोकळं करतात, आणि पूर्वी सरकारी खात्यांनीच ओढ्यांतून उपसून काढलेले ओंडके पुन्हा आणून टाकतात, कारण त्यांच्या आडोशानेच डोह तयार होतात. मला हे काम मनापासून आवडतं.

आता पैशाचं. बोर्डाच्या बहुतेक अनुदानांत 15 टक्के वाटा अर्जदाराचा असतो. तो रोखच हवा असं नाही, श्रमदान आणि दान दिलेलं सामानही धरतात. मात्र पैसे आधी खर्च करून मग बिलं लावून परत घ्यायचे असतात. कुटुंबाला हे झेपणं कठीण, म्हणून कॉन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्ट किंवा ट्यूलॅलिपसारख्या इथल्या मूळनिवासी जमातीने अर्जदार व्हावं आणि तुम्ही जमीनमालक म्हणून करार करावा, हेच मी सुचवेन. करार होण्याआधी बांधकाम सुरू केलंत तर तो खर्च मिळणार नाही.

जमातींशी आदराने आणि लवकर बोला. 1974 च्या बोल्ट निकालाने (न्यायाधीश बोल्ट यांच्या) पकडता येण्याजोग्या माशांत त्यांचा निम्मा हक्क मान्य झाला. पुढे राज्याच्या रस्त्यांखालच्या मोऱ्या मासे अडवून त्यांच्याशी अमेरिकन सरकारने केलेल्या तहाचा भंग करतात, असा निकालही त्यांनी मिळवला. 2018 साली सर्वोच्च न्यायालयात मतं 4-4 अशी समसमान पडली आणि तो निकाल कायम राहिला. तुमची खाजगी मोरी त्या निकालात येत नाही, पण मोऱ्यांच्या कामाला इथे एवढं वजन का आहे ते त्यावरून कळतं. खोदकामाआधी पुरातत्त्वाची तपासणीही होते, त्यातही जमातींचं मत घेतात.

तुमची जागा वनजमीन धरली जात असेल तर 'फॅमिली फॉरेस्ट फिश पॅसेज प्रोग्रॅम' आधी विचारा. 2003 पासूनची ही योजना छोट्या वनमालकांच्या मोऱ्यांचा बहुतेक किंवा सगळा खर्च उचलते. रांग मोठी असते, तरी नाव घालायला हरकत नाही.

वेळापत्रक सावकाश चालतं. वसंतात तज्ज्ञ जागा बघतात, उन्हाळ्याच्या सुरुवातीला अंतिम अर्ज आणि सप्टेंबरात निर्णय. पहिला अर्ज बरेचदा फक्त आराखड्यासाठीच असतो. पाण्यातलं काम उन्हाळ्याच्या ठरलेल्या आठवड्यांतच करता येतं. मधल्या काळात काठावर माजणारी हिमालयन ब्लॅकबेरीची बाहेरून आलेली काटेरी झुडपं काढून विलो आणि सीडर लावायला घ्या, त्यालाही कॉन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्टची मदत मिळते.

माशांची दया येऊन मोरीच्या तोंडाशी दगड मात्र रचू नका. ओढ्याच्या पात्रात काहीही करायला 'हायड्रॉलिक प्रोजेक्ट अप्रूव्हल', म्हणजे मत्स्य व वन्यजीव खात्याची परवानगी लागते, आणि चुकीच्या रचनेने आहे ती वाटही बंद होते. दोन्ही मापं आणि मोरीचे वरून-खालून काढलेले फोटो इथे टाका. लीड एंटिटीला पाठवायचं पहिलं पत्र लिहायला मी मदत करेन.