दान तिचं पडलं होतं

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दर रविवारी सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये आम्ही सहाजण डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून, आपापलं पात्र रंगवत खेळायचा खेळ खेळतो, २०१४ चे नियम वापरून. डीएम, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणारा, मीच असतो. नव्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक रविवार चालणाऱ्या गोष्टीत, जग खरं वाटावं म्हणून मी नियम केला : पात्र स्त्री असेल तर स्ट्रेंथ (ताकद) दोनने कमी, करिष्मा (छाप पाडण्याची शक्ती) दोनने जास्त. ग्रुपमध्ये दोन मुली आहेत. एक ‘चालेल’ म्हणाली. दुसरी फायटर, म्हणजे लढवय्यी, करणार होती. तिने पात्राचे गुण लिहायच्या कागदाची, कॅरेक्टर शीटची, घडी घालून बॅगेत ठेवली आणि पुढच्या रविवारी क्लास आहे म्हणाली. मुलगे म्हणतात, खऱ्या आयुष्यात फरक असतोच. माझं चुकलं का?

उत्तर : हो, चुकलं. तो नियम काढून टाक. उणे दोन काढ आणि अधिक दोनही काढ.

आधी माझी गोष्ट सांगते. मी कॉलेजात होते. नौपाड्यात एका मित्राच्या घरी, जेवणाच्या टेबलावरचं प्लास्टिक बाजूला सारून आम्ही खेळायचो. पुस्तक म्हणजे १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकची, खेळाच्या नियमपुस्तकाची, झेरॉक्स. पात्र तयार करताना स्ट्रेंथला तीन फासे टाकले आणि तिन्हींवर सहा आले. अठरा! हे दान दोनशे सोळांत एकदा पडतं. त्या आवृत्तीत फायटरला अठरा पडले की ताकद आणखी किती हे ठरवायला टक्क्यांचे फासे (एक ते शंभर) टाकायचे. मला ब्याऐंशी पडले. मी १८/८२ लिहिलं. डीएमने झेरॉक्समधल्या तक्त्यावर बोट फिरवलं, माझ्या हातातून शीट घेतली, खोडरबरने ८२ पुसलं आणि तिथे ५० लिहिलं. मानवी स्त्रीची कमाल मर्यादा १८/५० होती, पुरुषाची १८/००, म्हणजे पूर्ण शंभर. हल्ल्यावरचा अधिक दोन अधिक एकवर आला, नुकसानीवरचा अधिक चार अधिक तीनवर. पण मला आठवतो तो कागद. त्या जागी तो घासून पातळ झाला होता आणि ५० च्या खालून ८२ दिसत राहायचं. प्रत्येक लढाईत माझी नजर तिथेच जायची.

त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता. पुस्तकात होतं ते त्याने लागू केलं. पण दान मला पडलं होतं.

आता तुझ्या मित्रांचं म्हणणं. पुरुषांची सरासरी ताकद स्त्रियांपेक्षा जास्त असते, हे मला मान्य आहे. पण सरासरी काढायला खूप माणसं लागतात, आणि तुझ्या टेबलावर एकच फायटर आहे. ती कशी आहे हे तिच्या शीटवर लिहिलेलं असतंच, शीट त्यासाठीच असते. शनिवारी सकाळी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात जा. तिथे साठीच्या मावशी बर्फ घातलेली माशांची पाटी एका झटक्यात गुडघ्यावर आणि तिथून डोक्यावर घेतात. आपला हात नुसता कडेला लागतो. त्यांची स्ट्रेंथ ठरवताना तू आधी बायकांची सरासरी काढणार आहेस का?

आणि खरेपणासाठी उणे दोन कामाचंही नाही. तू वापरतोस त्या नियमांत स्ट्रेंथ दोनने घटली की मॉडिफायर (दानात मिळवायचा आकडा) एकने घटतो, म्हणजे डी-ट्वेंटीवर, वीस बाजूंच्या फाशावर, वीसात एका दानाचा फरक. एवढ्याने जग खरं होत नाही. पण तिला मात्र प्रत्येक हल्ल्यात, प्रत्येक दरवाजा ढकलताना तो एक वजा करावा लागतो, आणि का वजा करायचा हे टेबलावरच्या सगळ्यांना माहीत असतं.

त्या जुन्या तक्त्यातली आणखी एक गोष्ट सांगते, कारण ‘खऱ्या आयुष्याचा’ मुद्दा तिथेच ढासळतो. हाफलिंग या बुटक्या जमातीतला पुरुष, उंची जेमतेम तीन फूट, त्याची मर्यादा १७. त्याच्याहून उंच एल्फ जमातीतल्या स्त्रीची १६. कमरेएवढ्या माणसाला तिच्यापेक्षा बलवान होता येत होतं. लिहिणाऱ्यांनी शरीरशास्त्र पाहिलं असतं तर हा तक्ता असा झाला नसता.

करिष्म्याचं अधिक दोन मला जास्त खटकतं. तुला वाटलं असेल, एक घेतलं तर एक द्यावं. १९७६ मध्ये या खेळाच्या ‘ड्रॅगन’ नियतकालिकात लेन लाकोफ्का या लेखकाने स्त्री-पात्रांसाठी नियम सुचवले, त्यात करिष्म्याच्या जागी चक्क ‘सौंदर्य’ होतं. बाईने लढण्याआधी आवडावं, असंच त्यातून ऐकू येतं, आणि तुझ्या अधिक दोनमधून तुझ्या मैत्रिणीला तेच ऐकू गेलं असणार. तिने फायटर निवडली होती, रे.

पुढे १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने ताकदीची ही मर्यादा काढली. तू वापरतोस त्या पुस्तकात तर स्पष्ट लिहिलंय की पात्र पुरुष असो वा स्त्री, त्याने खास फायदा नाही की तोटा नाही. २०२४ च्या नव्या नियमांत गुणांची वाढसुद्धा वंशावरून काढून पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली. गुदामात हमाली केलेला बळकट, हे मला पटतं.

तुझ्या जगात लिंगभेद असूच नये, असं मात्र मी म्हणत नाही. या खेळातल्या ड्राऊंच्या, म्हणजे जमिनीखाली राहणाऱ्या एल्फांच्या, नगरीत लोल्थ देवीच्या पुजारिणी सत्ता चालवतात आणि पुरुष दबून असतात. तशी एखादी नगरी तूही रच. जिथे बाईला वेशीच्या आत तलवार घेऊन सोडत नाहीत, असं गाव रच. पण ते गावाचे कायदे असू देत. पहारेकऱ्याशी भांडता येतं, त्याला लाच देता येते, रात्री तटावरून उडी मारता येते. शीटवरच्या उणे दोनशी भांडता येत नाही. आणि असं गाव आणायच्या आधी बाकीच्या पाचही जणांना विचार, कारण रस्त्यात रोज जे सोसतो तेच रविवारी परत नको, असं कुणी म्हणू शकतं.

जी ‘चालेल’ म्हणाली, तिलाही एकटीला गाठून पुन्हा विचार. चारचौघांत म्हटलेलं ‘चालेल’ मी स्वतः बरेचदा म्हटलंय.

आणि दुसरीला आजच फोन कर, ग्रुपवर मेसेज नको. नियम काढला एवढंच सांग, आणि मग तिच्या फायटरबद्दल विचार : ती कुठल्या गावची, तिला तलवार कुणी शिकवली, तिच्या हातात कुठलं हत्यार आहे. तिने हे सगळं ठरवून ठेवलं असणार. मी ठरवलं होतं, आणि मला कुणी विचारलं नाही.