माहिती देण्यापूर्वी कायदा विचारावा

ठाणे (पश्चिम)

प्रिय स्नेही,

ऐरोलीला भाड्याने घर घेताना पोलीस पडताळणीसाठी आधारची प्रत द्यावी का, असे तू विचारले आहेस. पडताळणीस नकार देऊ नकोस. तिच्यामागे सुरक्षेचे कारण आहे. आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत चालते का ते आधी विचार, प्रतीवर तारीख व कारण लिही आणि आधारच्या संकेतस्थळावर बायोमेट्रिक माहिती, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करून ठेव. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्यामागचा प्रश्न: सरकारने आपल्या खासगी आयुष्यात कुठवर शिरावे?

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा मूलभूत हक्क असून संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातच तो सामावलेला आहे. हा हक्क अमर्याद नाही. परंतु त्यावर बंधन घालायचे तर तसा कायदा हवा, हेतू वैध हवा आणि बंधन त्या हेतूच्या प्रमाणातच हवे. अधिकारी कितीही सज्जन असला, तरी या कसोट्या त्याच्या सज्जनपणावर सोडलेल्या नाहीत, हे मनात पक्के धर.

फोन टॅपिंगचेच पाहा. 1885 च्या टेलिग्राफ कायद्यानुसार सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी एक कारण असल्याखेरीज संभाषण ऐकता येत नसे, आणि 2023 च्या दूरसंचार कायद्यातही तीच अट आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका व्यावसायिकाचे प्रकरण आले. आरोप लाचेचा, म्हणजे गंभीरच होता. तरीही या दोन्हींपैकी एकही कारण दिसत नाही, म्हणून न्यायालयाने टॅपिंगचे तिन्ही आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. आरोपीलाही हे संरक्षण मिळते, म्हणूनच ते तुला-मला मिळते. हा निकाल मुळातून वाच.

मला खरी चिंता वाटते ती 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची. खासगी कंपन्यांवर तो बरीच बंधने घालतो. पण कलम 17 नुसार देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्याच यंत्रणांना अधिसूचनेद्वारे त्यातून पूर्ण सूट देऊ शकते. ज्याच्याजवळ सर्वाधिक माहिती, त्यालाच सूट, हे मला मान्य नाही, आणि तुझ्या पिढीने त्याविरुद्ध सनदशीर मार्गाने बोलत राहावे असे मला मनापासून वाटते.

नाकाबंदीत कोणी मोबाइल उघडून दाखवायला सांगितला, तर आवाज न चढवता कोणत्या कलमाखाली ते विचार आणि अधिकाऱ्याचे नाव टिपून घे. मोबाइल जप्त होत असेल, तर पंचनाम्याची प्रत माग. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम 105 नुसार झडती व जप्तीचे चित्रीकरण व्हायला हवे, याची नम्रपणे आठवण दे. अडवणूक झालीच, तर त्याच दिवशी लेखी तक्रार दे व तिची पोच घे. वकील परवडत नसेल, तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. पात्र व्यक्तींना तेथे विनामूल्य वकील मिळतो.

अनेक आशीर्वाद.