बस येते, पण काठाला लागत नाही

प्रश्न : आमच्याकडे आता लो-फ्लोअर बस येते, दारात उलगडणारा रॅम्पही आहे. तरी बहिणीची व्हीलचेअर दोघांनी उचलूनच आत न्यावी लागते. दोष बसचा की चालकाचा?

उत्तर : बहुधा थांब्याचा. हिशेब करून पाहा. समजा, बसचा तळ रस्त्यापासून 34 सेंमी उंच आहे आणि दाराच्या बाजूला बस झुकवली की तो 27 सेंमीवर येतो. रॅम्प 1 मीटर लांबीचा. बस पदपथाला लागून थांबली आणि पदपथाचा काठ 15 सेंमी उंच असला, तर चढ उरतो 12 सेंमीचा, म्हणजे सुमारे 1:8 (दर 8 सेंमी लांबीला 1 सेंमी चढ). सोबतच्या एका माणसाला तेवढा ढकलता येतो. तीच बस दीड मीटर दूर थांबली की रॅम्प थेट रस्त्यावर टेकतो आणि चढ जवळजवळ 1:4 होतो. इतक्या चढावर खुर्ची मागे उलटण्याची भीती असते, म्हणून ती उचलावी लागते.

चालक दूर थांबतो त्यालाही कारण असतं. पदपथात खाच पाडून केलेल्या थांब्यात शिरून बस सरळ व्हायला पुढे-मागे बरीच मोकळी जागा लागते. तिथे एक मोटार उभी असली, तरी बस तिरकी राहते आणि रॅम्पचं दार रस्त्यातच उघडतं. आमच्या मते खात्रीचा उपाय एकच : खाच बुजवून पदपथ बसच्या मार्गिकेपर्यंत पुढे आणायचा. मग बस सरळ येते, सरळ थांबते. मागच्या वाहनांना थोडं थांबावं लागेल, त्यांनी थांबावं.

आणखी एक गोष्ट नेहमी राहून जाते. रॅम्पचा 1 मीटर आणि खुर्ची वळायला दीड मीटर, अशी दारासमोर अडीच मीटर खोल जागा मोकळी हवी. नेमका तिथेच विजेचा खांब किंवा बाक असतो.

प्रश्न : पदपथावरच्या पिवळ्या फरशांवर कुठे ठिपके, कुठे रेघा. फरक काय?

उत्तर : रेघा म्हणजे ‘या दिशेने चला’, ठिपके म्हणजे ‘थांबा, पुढे काहीतरी आहे’ : रस्ता, जिना किंवा वळण. 1967 साली जपानमधल्या ओकायामा शहरात या फरशा पहिल्यांदा बसवल्या गेल्या. पिवळा रंग अंधुक दिसणाऱ्यांसाठी असतो. शोभेसाठी त्या करड्या केल्या की त्यांचा निम्मा उपयोग जातो. सर्वांत वाईट चूक दुरुस्तीनंतर होते : खोदकाम झाल्यावर फरशा उलटसुलट बसतात आणि रेघा खांबाकडे नेतात. पांढऱ्या काठीने चालणारा माणूस त्या रेघांवर विश्वास ठेवून चालत असतो, हे बसवणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं.

प्रश्न : तक्रारीत काय लिहावं?

उत्तर : ‘उतार फार आहे’ असं लिहू नका, माप लिहा. मोबाइलमधलं लेव्हल अ‍ॅप उतारावर ठेवा. पदपथावरच्या कायम रॅम्पचा चढ 1:12 पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे अ‍ॅपवर साधारण 4.8 अंश. 15 सेंमीच्या काठाला त्यासाठी 180 सेंमी लांबी लागते. बऱ्याच ठिकाणी जेमतेम 60 सेंमी दिलेली दिसते. मोजपट्टी दिसेल असा फोटो काढा. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा वेगवेगळ्या वेळच्या दहा बस काठापासून किती दूर थांबल्या, तेही लिहा. बस आणि पदपथ बहुतेकदा वेगवेगळ्या खात्यांकडे असतात, तेव्हा एकच पत्र दोघांनाही द्या आणि थांब्यावर एकत्र पाहणीची तारीख मागा. पाहणीला बहीण व्हीलचेअरवरून आली, तर उत्तम.