बाटली भरलेलीच परत येते

*ताई, नमस्कार. मी ३१ वर्षांचा, जुळे सोलापूरला राहतो, घरचा टॉवेलचा कारखाना बघतो. लग्नाला दीड वर्ष झालं. आम्ही चार मित्र कॉलेजपासून गाण्याच्या कार्यक्रमांचे वेडे. पुण्यात मोठा लाइव्ह कार्यक्रम असला की सकाळी अकराला गाडी काढायची आणि पहाटे तीन-साडेतीनपर्यंत घरी यायचं, हे ठरलेलं. लग्नानंतर बायकोलाही नेतो. तिला गाण्याची आवड आहे, म्हणून तर आमचं जमलं. पण पुण्याला गेलं की तिचं काहीतरी बिनसतं. कार्यक्रम रंगात आला की डोकं दुखतं म्हणते, फोटोत हसत नाही, परतताना कुणाशी बोलत नाही. मित्र आता मला टोमणे मारतात. मी काही कमी करत नाही. तिकीट चांगलं काढतो, सात सीटच्या गाडीत मागची अख्खी सीट तिला देतो, गार राहणारी एक लिटरची स्टीलची बाटली खास तिच्यासाठी घेतली, तीसुद्धा घरी भरलेलीच परत येते. आणि गड्ड्याच्या जत्रेत मात्र याच मित्रांबरोबर रात्री अकरापर्यंत हिंडली, पाळण्यात बसली. म्हणजे मनात आलं की जमतं. पुढच्या महिन्यात पुन्हा कार्यक्रम आहे. तिकिटं चार काढू की पाच?*

पाच काढ. तिकिटांचा विषय संपला, आता त्या बाटलीकडे ये.

तू ती बाटली तुझ्या चांगुलपणाच्या यादीत लिहिलीस आणि पुढे गेलास. मी तिथेच अडकले. एक लिटर पाणी सकाळी अकराला घरातून निघतं, पाचशे किलोमीटर फिरतं आणि पहाटे जसंच्या तसं ओट्यावर येतं. सोळा तास! कार्यक्रमाच्या गेटवर स्टीलची बाटली आत सोडत नाहीत, मान्य. पण जातानाचे पाच तास? येतानाचे चार? ज्या बाईला पाण्याची बाटली भेट मिळते आणि जी दिवसभर तिचं झाकण उघडत नाही, तिला तहान लागत नसेल असं वाटलं का तुला?

शब्द लिहूनच टाकते, कारण तुमच्या गाडीत तो कुणी उच्चारत नसणार. लघवी. पाणी प्यायलं तर लघवीला लागणार, लागली तर गाडी थांबवायला सांगावं लागणार, आणि गाडीत तुम्ही चौघं. म्हणून ती पीतच नाही. इतका साधा हिशेब आहे, आणि दीड वर्षात तो तुझ्या लक्षात आला नाही.

तुमचं काही अडत नाही ना. मोहोळ मागे पडलं, बाभळीचं झाड दिसलं, गाडी बाजूला, चौघं खाली, दोन मिनिटांत परत. तुमच्या लेखी गाडी थांबली. तिच्या लेखी गाडी थांबलेलीच नाही. ती दोन मिनिटं दुसऱ्या बाजूच्या काचेतून उसाचं शेत बघत बसलेली असते.

आता गड्डा. जत्रेच्या होम मैदानातून जुळे सोलापूरला गाडीवर पंधरा-वीस मिनिटं. घरचं बाथरूम हाताशी होतं, म्हणून ती तुझ्या त्याच मित्रांबरोबर अकरापर्यंत हिंडली, पाळण्यात बसली, बहुतेक उसाचा रसही प्यायली असेल. मित्र तेच, बायको तीच, फरक अंतराचा. ‘मनात आलं की जमतं’ हे वाक्य पत्रातून खोडून टाक.

शरीराचंही थोडं ऐक. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर मावतं. नीट पाणी पिणाऱ्याला तीन-चार तासांनी जावंच लागतं, म्हणजे तुमच्या एका फेरीत निदान चार वेळा. पाणी तोडलं तरी लघवी व्हायची थांबत नाही, ती घट्ट होते, आणि घट्ट लघवीनं आतून चुरचुरतं, लागल्यासारखं उलट जास्त वाटतं. हे कार्यक्रम बहुतेक थंडीत, तेव्हा घाम कमी येतो आणि लघवी जास्त होते. त्यात बायकांची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटरची, पुरुषांची २० च्या आसपास. जंतूंना आत शिरायला वाट छोटी. दिवसभर पाणी नाही आणि वर तासन्‌तास दाबून धरणं, यातून लघवीचा संसर्ग सहज होतो. परत आल्यावर जळजळ, ओटीपोटात दुखणं असं काही होतं का, हे तिला आज विचार. होत असेल तर डॉक्टर आणि लघवीची तपासणी. थंडी वाजून ताप आणि कमरेच्या वर पाठीत दुखत असेल तर त्याच दिवशी. तिचं डोकं दुखतं त्यातही मला नवल वाटत नाही. पाणी नाही, तीन तास उभं, कानाशी ढोल, आणि वाटेत खाल्लेली कडक भाकरी-शेंगाचटणी. चटणीतलं मीठही पाणीच मागतं!

यावर तू काय करशील ते मला दिसतंय. पुढच्या वेळी गाडीत मान मागे वळवून प्रेमानं विचारशील, ‘थांबायचं का गं?’ ते करू नकोस. चार पुरुषांदेखत विचारलं की ती ‘नको’च म्हणणार. तिनं चुकून ‘हो’ म्हटलंच तर पुढचा म्हणणार, ‘आत्ताच निघालोय की बे, पुढं थांबू’, आणि ते पुढं कधी येत नाही. ती स्वतः का बोलत नाही, हेही मला विचारू नकोस. तुझ्या मित्रांच्या गाडीत ती पाहुणी आहे, आणि आपल्याकडे पाहुण्या बाईनं काय काय मागू नये याची यादी तिला लहानपणापासून पाठ असते.

तुला एकच गोष्ट करायची आहे. थांबा तू मागायचास. ‘मला जायचंय, टेंभुर्णीला घे.’ तिचं नाव घ्यायचं नाही, तिच्याकडे बघायचं नाही, डोळा तर अजिबात मारायचा नाही. तुला लागलेली नसली तरी. आणि झाडाखाली नाही म्हणजे नाही. चांगलं टॉयलेट असलेल्या ठिकाणीच, चौघांनीही.

सोलापूर-पुणे २५० किलोमीटर धर. पहिला थांबा टेंभुर्णी, साधारण ९० वर. दुसरा भिगवणच्या आसपास, १५० च्या थोडं अलीकडे-पलीकडे. मासे खायला तुम्ही तिथे थांबत असालच, पण टॉयलेट आधी बघा, चिलापी नंतर. तिसरा थांबा यवतला, आणि तो चुकवायचा नाही. पुढे लोणी काळभोर ते हडपसर या पट्ट्यात गाडी कधी अडकेल सांगता येत नाही, आणि अडकल्यावर उतरायला जागाही नसते. पेट्रोल पंपावर तुम्ही पेट्रोल भरलं नाही तरी टॉयलेट वापरू देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. मोठं, घरच्या मंडळींची गर्दी असलेलं हॉटेल असेल तर ते आधी निवड, चहा घ्या.

‘ते बघ तिकडे’ म्हणून लांबूनच बोट दाखवू नकोस. दारापर्यंत जा. अशा ठिकाणी बिघडतं ते ठरलेलं असतं: कडी तुटकी, नळ कोरडा, दिवा गेलेला, आणि पर्स-ओढणी टांगायला एक खिळा नाही. पर्स आणि ओढणी तू धर. कडी नसेल तर दाराबाहेर पाठ करून उभा राहा. गाडीत एक छोटी पिशवी कायमची ठेव: टिश्यू, कागदी साबण, दोन सॅनिटरी पॅड, आणि हात धुवायला पाण्याची वेगळी बाटली. मित्र हसले तर हसू देत. महिनाभरात त्यातला साबण तेच वापरायला लागतील.

पाणी कसं प्यायचं ते तिला सांग. सांगण्यापेक्षा तिच्याबरोबर तूच पी. घटाघटा अर्धा लिटर नाही. तासाला एक कपभर, दीडशे-दोनशे मिलिलिटर. थांब्याच्या दहा मिनिटं आधी प्यायलात तर त्याची लघवी लागणार पुढच्या थांब्याला, हे लक्षात ठेव. चहा-कॉफी आणि कोला मोजूनच, त्यानं लघवीची घाई वाढते.

मैदानावरची गोष्ट निराळी. तिथली तात्पुरती टॉयलेटं गेट उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात जेवढी स्वच्छ असतात तेवढी नंतर कधीच नसतात. म्हणून आत गेल्या गेल्या, फोटोच्या आधी, तिकडे. दुसरी फेरी सुरुवातीचा कलाकार गात असताना, मुख्य गायक यायच्या पंधरा मिनिटं आधी. मध्यंतरात रांग लागते, आणि बायकांची रांग पुरुषांच्या दुप्पट हळू सरकते. गेटबाहेर गेलं की बहुतेक ठिकाणी परत आत सोडत नाहीत, तेव्हा ‘बाहेर हॉटेलात जाऊन येऊ’ हा बेत करू नका.

आणि स्टेजला चिकटून उभं राहायचं वेड सोड. सगळ्यात पुढे बेसचे डबे पोटात धडधडतात आणि गायकाचा आवाज वर टांगलेल्या स्पीकरमधून तुमच्या डोक्यावरून मागे जातो. शब्द कळत नाहीत, आणि मागे साताठशे लोक असतात, त्यांच्यातून वाट काढून टॉयलेटला कोण जाणार? मैदानाच्या मध्यावर साउंड इंजिनिअर कठड्यात बसलेला असतो ना, तो जे ऐकतो त्यावरच सगळा आवाज जुळवतो. त्याच्या कठड्याच्या बाजूला उभे राहा. गाणं तिथे सगळ्यात नीट ऐकू येतं, टेकायला कठडा मिळतो आणि बाजूनं बाहेर पडायला वाट असते. चांगलं तिकीट म्हणजे स्टेजजवळचं, अशी तुझी समजूत दिसते. तुम्ही गाण्याचे वेडे ना रे?

परतीचं बोलू. उघड्या मैदानावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, सवलतीचे थोडे दिवस सोडले तर. दहाला संपलं, पार्किंगमधून निघायला अकरा, आणि मग चार तासांचा अंधार. त्या वेळी उघडं काय असतं? पंपावरचा माणूस झोपलेला, टॉयलेटला कुलूप, ढाब्यावर ट्रकवाले. तिला हे सकाळी अकरालाच ठाऊक असतं. ती सकाळपासून पाणी सोडते ते या रात्रीसाठी. शिवाय दोन ते चार या वेळात ड्रायव्हरचा डोळा लागतो, हे वेगळं सांगायला नको. खोल्या घ्या, पुण्यात झोपा, रविवारी सकाळी इडली खाऊन निघा. चौघांत वाटून खर्च फार येत नाही, आणि आला तर एका कार्यक्रमाचं पुढचं तिकीट सोडून मागचं घ्या. ते मघाशी सांगितलंच. कुणाला रविवारी सकाळी घरी पोचायचंच असेल तर मुंबईहून येणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस मध्यरात्रीनंतर पुण्याला येते आणि सकाळी सोलापूरला सोडते. डब्याच्या दोन्ही टोकांना संडास असतात.

पुण्याआधी एक रविवार नळदुर्गला जाऊन या, याच चौघांबरोबर आणि तिला घेऊन. जेमतेम पन्नास किलोमीटर. पाण्याचे दिवस असतील तर नर-मादी धबधबे वाहताना बघायला मिळतील, नसतील तर नुसता किल्ला. तिथे किल्ल्यात शिरायच्या आधी गावात गाडी थांबवून ‘मला जायचंय’ म्हणायची सवय कर. पहिल्यांदा तुझी जीभ अडखळेल. अडखळू दे, तिची दीड वर्ष अडखळतेय.

आणि ती मागची अख्खी सीट, जी तू तिला ‘मोकळी’ देतोस. तिसऱ्या ओळीतून उतरायचं तर मधल्या ओळीतल्या माणसानं आधी खाली उतरायचं, सीट दुमडायची, मग हिनं वाकून बाहेर यायचं. तिला मधल्या ओळीत डाव्या दाराशी बसव. मागे बॅगा आणि तुझा तो टोमणे मारणारा मित्र.