निकाराग्वाचा भारी सिगार खरंच दर्जेदार आहे का, हे ओढून कसं ओळखायचं?

पाहुण्यांनी आणलेला निकाराग्वाचा महागडा सिगार महिनाभर लातूरला कपाटात पडून आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग लगेच पेटवू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा पार कोरडी असते आणि सिगारला साधारण 65 ते 70 टक्के आर्द्रता लागते. वाळलेला सिगार भराभर जळतो, धूर तापतो, जीभ भाजते. दोष हवेचा असतो आणि नाव सिगारचं खराब होतं. हवाबंद डब्यात आर्द्रता राखणारं पाकीट टाकून दोन-तीन आठवडे ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथं आणखी वाळतो; ओल्या कापसातही नको, बुरशी धरते.

नंतर अंगठा आणि दोन बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत हलकेच दाबत जा. किंचित दबून परत वर आला तर ठीक. करकर वाजला तर अजून कोरडा आहे. मध्येच पोकळ लागलं तर तिथं पानं कमी भरलीत, गाठ लागली तर तिथं धूर अडणार. सगळ्यात वरचं पान काळपट दिसलं म्हणून सिगार कडक समजू नका. ताकद येते ती मुख्यतः आतल्या पानांतून.

तोंडाकडच्या बंद टोकावरची पानाची टोपी अगदी थोडी कापा आणि न पेटवता एकदा ओढून बघा. मनुका, कोको, सुकं गवत असं काहीतरी जिभेवर यावं. पेटवल्यावर अमोनियाचा उग्र दर्प आला, तर पानं नीट मुरलेली नाहीत.

आता चवीचं. 1959 च्या क्रांतीनंतर क्युबा सोडलेल्या काही तंबाखूवाल्यांनी आपलं बी आणि कसब निकाराग्वात नेलं. एस्तेली या तिथल्या तंबाखूच्या गावातला सगळ्यात जुना कारखाना 1968 चा. एस्तेलीची ज्वालामुखीची काळी जमीन आपल्या काळ्या रानासारखीच, आणि तिथलं पान जोरकस, मिरीच्या झणक्याचं. होंडुरासच्या सीमेलगतच्या हालापाचं पान गोडसर आणि सौम्य, कोंडेगाचं या दोन्हींच्या मधलं, तर ओमेतेपे या ज्वालामुखी बेटावरच्या पानाला मातकट गोडी. झाडाच्या शेंड्याकडचं जाड पान, म्हणजे लिहेरो, सगळ्यात कडक. ते सावकाश जळतं म्हणून मधोमध भरतात.

त्यामुळे सुरुवातीला मिरी लागणारच. माझी कसोटी पुढची आहे: सिगारचे मनातच तीन सारखे भाग पाडा; त्यातला पहिला भाग संपताना ती मिरी मागे सरते का, आणि तिच्या जागी कॉफी, कोको, भाजलेले शेंगदाणे, देवदार असं काही येतं का? शेवटपर्यंत नुसता तिखटपणाच राहिला, तर किंमत कितीही असो, मी त्याला साधाच म्हणतो. तिन्ही भागांत एकेकदा थांबून काय लागतंय ते दोन शब्दांत लिहून ठेवा, कारण पुढची चव मागची पुसून टाकते.

मिनिटाला एकच झुरका. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात फिरवून सोडायचा. थोडासा नाकातून सोडलात तर बारकावे तिथंच कळतात. पंख्याखाली बसू नका, एका अंगानं जळत जातो. पण वारा नसतानाही पुन्हा पुन्हा वाकडा जळाला किंवा विझला, तर तो वळणाऱ्याचा दोष समजा. राख लांब टिकते म्हणून मी वेगळे गुण देत नाही.

एक गोष्ट मनापासून सांगतो. छातीत घेतला नाही तरी धूर निर्धोक होत नाही. तोंडाचा, घशाचा कर्करोग सिगारनंही होतो. तुम्हाला तंबाखूची सवय नसेल, तर या एका सिगारसाठी ती सुरू करू नका. ओढणारच असाल तर उपाशीपोटी नको. घाम फुटला, गरगरलं की लगेच ठेवून द्या आणि गुळाचा खडा तोंडात टाका. एरवीही बोटांना चटका लागेपर्यंत ओढत बसू नका. शेवटचे दोन इंच उरले, धूर गरम आणि कडवट झाला, की चव घेण्यासारखं काही राहत नाही. तो रक्षापात्रात ठेवा, आपोआप विझतो.