मराठीच्या गृहपाठाची उत्तरं मुलांना सांगायची की नाही?

हा प्रश्न माझ्याकडे येणारे बरेच पालक विचारतात, म्हणून एक केस सांगते, ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

मुलगा नववीत, गणितात बरा, पण मराठीचा स्वाध्याय म्हटला की प्रश्नाचा फोटो काढायचा, मोबाईल सांगेल ते वहीत उतरवायचं आणि चाचणीत पाटी कोरी. आई म्हणाल्या, "मॅडम, नुसता आळस आहे." मला तसं वाटेना, म्हणून त्याच्याशी एकट्याशी बोलले तर कळलं की सातवीत त्याने एका कवितेचं उत्तर मनाने लिहिलं होतं आणि त्यावर लाल रेघ मारून 'गाइडप्रमाणे लिही' असा शेरा मिळाला होता, तोही सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवलेला. मग कशाला लिहील तो मनाने? फार वाईट वाटलं मला.

आधी व्याकरण घेतलं, कारण तिथे उत्तर आपलं आपण तपासता येतं आणि हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, प्रयोग (म्हणजे क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं, कर्माप्रमाणे, की कोणाप्रमाणेच नाही) तो चक्क पाठ करत होता. म्हटलं, 'राम आंबा खातो' मध्ये रामाच्या जागी सीता घाल, लगेच 'खाते' झालं ना, मग कर्तरी. 'रामाने आंबा खाल्ला' मध्ये सीता घालून काही होत नाही, पण आंब्याची चिंच केली की 'खाल्ली' होतं, म्हणजे कर्मणी. आणि 'शिपायाने चोराला पकडले' मध्ये कोणालाही बदल, 'पकडले' हलत नाही, तो भावे. पुढची वाक्यं त्याने स्वतःच केली, बरोबर का असं एकदाही विचारलं नाही.

रसग्रहणाला तुकोबांचा 'वृक्षवल्ली' अभंग होता. विचारलं, घरी कटकट झाली की कुठे जाऊन बसतोस? म्हणाला, आजोळी असलो तर विहिरीजवळच्या झाडाखाली. म्हटलं हेच लिही आणि मग अभंगात एकांताबद्दल काय आलंय ते परत वाच.

आईंना सांगितलं, उत्तर सांगा, बिनधास्त सांगा, पण आधी त्याचं एक तरी वाक्य वहीत येऊ दे, मोडकंतोडकं का असेना, आणि त्यातलं शुद्धलेखन लगेच दुरुस्त करू नका (हे त्यांना सगळ्यात जड गेलं). गाइड त्यानंतर उघडायचं, आशय, काव्यसौंदर्य, भाषा यातलं काय राहिलं ते बघायला.

मार्क अजून फार वाढलेले नाहीत, रसग्रहण तोकडंच असतं, पण व्याकरणाचे फोटो काढणं बंद झालंय आणि आई मराठीच्या बाईंना भेटून त्याचं मनाने लिहिलेलं वाचा म्हणून सांगून आल्यात.